नदीला पाणी आलं म्हणजे वर पाऊस झाला का? न्यायदर्शनातलं अनुमान तपासायची रीत

त्रसरेणू

न्यायदर्शनावर, म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्रावर, चर्चा निघाली की ती डोंगर, धूर आणि आग यांच्यापुढे सरकत नाही. म्हणून या धाग्यापुरता 'पर्वतो वह्निमान् धूमात्' (डोंगरावर आग आहे, कारण धूर आहे) बाजूला ठेवू आणि नदी घेऊ. उदाहरण माझं नाही, न्यायसूत्रांतलंच आहे. दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या आह्निकात (उपभागात) पूर्वपक्षी, म्हणजे आक्षेप घेणारा, म्हणतो: 'रोधोपघातसादृश्येभ्यो व्यभिचारादनुमानमप्रमाणम्'. नदी भरली म्हणून वर पाऊस झाला म्हणता, पण बांध घातला तरी नदी फुगते. मुंग्या अंडी घेऊन निघाल्या म्हणून पाऊस येणार म्हणता, पण वारूळ मोडलं तरी त्या निघतात. केका ऐकून मोर आहे म्हणता, पण माणूसही मोराची नक्कल करतो. तिन्ही हेतू (ज्यांच्यावरून अनुमान करतो त्या खुणा) फसतात, तेव्हा अनुमान हे प्रमाणच, म्हणजे ज्ञानाचं भरवशाचं साधनच, नव्हे.

लगेच पुढच्या सूत्रात उत्तर आहे: 'नैकदेशत्राससादृश्येभ्योऽर्थान्तरभावात्'. सूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन त्याचा अर्थ उलगडतो. नुसतं पाणी वाढणं हा हेतू नाहीच. प्रवाहाला एरवीपेक्षा जास्त वेग, भरपूर फेस, आणि फळं, पानं, लाकडं वाहून येणं, यांसकट जो पूर येतो तो हेतू. मुंग्यांचंही तसंच. चार-दोन मुंग्या नव्हेत, बहुतेक सगळ्या अंडी हलवत असतील तर. मोराचा खरा आवाज आणि नक्कल यांतला फरक ज्याला कळतो त्याच्यासाठी तो आवाज हेतू आहे. इथे भाष्यकार सापांचा दाखला देतो, त्यांना हा फरक बरोबर कळतो! आणि शेवटी ठणकावतो: हा अपराध अनुमान करणाऱ्याचा आहे, अनुमानाचा नाही.

आता हे पंढरपूरच्या घाटावर आणू. प्रवाहात पाणी वाढलेलं दिसतंय. अनुमानवाक्याचे पाच अवयव (भाग) असे होतील:

प्रतिज्ञा – ही नदी वर पाऊस झालेल्या प्रदेशाशी जोडलेली आहे.
हेतू – कारण हिला वेगवान, फेसाळ, पानं-लाकडं वाहून आणणारा पूर आला आहे.
उदाहरण – जिला जिला असा पूर येतो तिच्या वरच्या अंगाला पाऊस झालेला असतो, जशी मागच्या पावसाळ्यात पूर आलेली नदी.
उपनय – ही नदीही तशाच पुराने भरलेली आहे.
निगमन – म्हणून ही वर पाऊस झालेल्या प्रदेशाशी जोडलेली आहे.

प्रतिज्ञा अशी आडवळणाने का लिहिली, यावर बरेच जण अडखळतात. 'वरच्या प्रदेशात पाऊस झाला' असं सरळ म्हटलं तर वरचा प्रदेश हा पक्ष (ज्याच्याबद्दल सिद्ध करायचं तो) होतो, आणि हेतू (पूर) तर खाली नदीत आहे. हेतू पक्षावर राहत नाही म्हणजे पक्षधर्मता गेली, अनुमान तिथेच कोसळलं. म्हणून पक्ष नदी, आणि साध्य (जे सिद्ध करायचं ते) 'पाऊस झालेल्या प्रदेशाशी संबंध'. ही काटेकोर मांडणी भाष्यावर वार्तिक लिहिणाऱ्या उद्द्योतकराने केली आहे.

आता यात कुठे काय बिघडू शकतं ते बोलू या.

---

नुसताचवाचक

वाचतोय. पुभाप्र (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत).

---

भीमाकाठ

उदाहरण पंढरपूरचं घेतलंत म्हणून लिहितो. उन्हाळ्यात सोलापूर शहराच्या पिण्याच्या पाण्यासाठी उजनी धरणातून भीमेच्या पात्रात पाणी सोडत आले आहेत, ते पंढरपूरवरून पुढे औज बंधाऱ्याकडे जातं. एप्रिल-मेमध्ये कोरडं पात्र वाहायला लागतं, तेव्हा वर टिपूसही पडलेला नसतो. सूत्रातला 'रोध' म्हणजे बांध, तो इथे रोजच्या व्यवहारात आहे. मग नदीचं अनुमान आजच्या महाराष्ट्रात मोडीतच निघालं म्हणायचं का? जवळपास प्रत्येक मोठ्या नदीवर धरण आहे.

---

त्रसरेणू

@भीमाकाठ, उत्तम विपक्ष दिलात. विपक्ष म्हणजे जिथे साध्य नाही हे पक्कं ठाऊक आहे अशी जागा. मे महिन्यातली आवर्तनाच्या पाण्याची भीमा हा विपक्ष. आता हेतू तिथे घेऊन जा.

'पाणी वाढलं' हा हेतू तिथे सापडतो. साध्य नाही, तरी हेतू आहे. हेतूने साध्याला सोडून राहणं म्हणजे व्यभिचार. हा साधारण सव्यभिचार, अनुमान बाद.

'वेगवान, फेसाळ, पानं-लाकडं आणणारा पूर' हा हेतू तिथे सापडत नाही. धरणात गाळ खाली बसलेला असतो, सोडलेलं पाणी स्वच्छ आणि मोजून सोडलेलं येतं. व्यभिचार नाही.

तपासायची रीत एवढीच: हेतूचं एकेक विशेषण काढून बघायचं आणि कोणता विपक्ष आत शिरतो ते पाहायचं. 'वेगवान' काढलं तर खालच्या बंधाऱ्याच्या फुगवट्याने साचलेलं पाणी आत येतं, त्यावरही पालापाचोळा तरंगतो. 'पानं-लाकडं' काढलं तर दरवाजे उघडून वेगाने सोडलेलं पाणी आत येतं. 'फेस' काढल्यावर नवीन विपक्ष शिरत नाही असं माझं मत आहे, म्हणजे ते विशेषण इथे व्यर्थ ठरतं. नैयायिक व्यर्थ विशेषणालाही दोषच मानतात.

---

आर्द्रेंधन

फेस व्यर्थ आहे हे पटलं. भाष्यकार लक्षण करत नव्हता, ओळखायच्या खुणा सांगत होता, त्यामुळे त्याला माफ करू.

हेत्वाभास, म्हणजे हेतूतले दोष, कोणत्या क्रमाने तपासावेत हे कुणी विचारलेलं नाही, पण नवशिक्यांची गाडी तिथेच अडते म्हणून लिहितो. ग्रंथात सव्यभिचार, विरुद्ध, सत्प्रतिपक्ष, असिद्ध, बाधित असा क्रम पाठ करतात. (ही अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रह या प्राथमिक ग्रंथातली नावं. न्यायसूत्रकार गौतमाच्या सूत्रात सव्यभिचार, विरुद्ध, प्रकरणसम, साध्यसम, कालातीत अशी आहेत.) तपासताना मात्र हा क्रम सोयीचा नाही.

आधी पक्ष अस्तित्वात आहे का ते पाहा. 'आकाशातलं कमळ सुगंधी आहे, कमळ असल्यामुळे', इथे पक्षच नाही. आश्रयासिद्ध.

मग हेतू पक्षावर आहे का ते पाहा. 'शब्द हा गुण आहे, कारण तो डोळ्यांना दिसतो.' शब्द दिसतच नाही. स्वरूपासिद्ध. पंढरपूरच्या घाटावर न उतरता, पुलावरून अंधारात नुसता आवाज ऐकून 'पूर' म्हणणाऱ्याचा हेतू या पायरीवर लटकतो.

यानंतर विपक्षाचा शोध. वर त्रसरेणूंनी केला तो. हेतू विपक्षातही सापडला तर साधारण. हेतू साध्यासोबत कधीच राहत नसेल, उलट साध्याच्या अभावाशीच बांधलेला असेल, तर विरुद्ध: 'शब्द नित्य आहे, कारण तो निर्माण केला जातो.' निर्माण केलेलं ते अनित्यच असतं, म्हणजे हेतूने स्वतःच्याच प्रतिज्ञेचा गळा कापला. हेतू फक्त पक्षावरच असेल, ना सपक्षात (जिथे साध्य आहे हे पक्कं ठाऊक आहे) ना विपक्षात, तर असाधारण: 'शब्द नित्य आहे, शब्दत्वामुळे'. अनुपसंहारी क्वचित लागतो, सोडून देतो.

मग उपाधी, म्हणजे हेतूमागची लपलेली अट, त्यावर वेगळं लिहितो. आणि शेवटी बाहेरून येणारे दोन, बाध आणि सत्प्रतिपक्ष.

या दोघांना शेवटी ठेवायचं कारण आहे. व्यभिचार व्याप्तिज्ञान ('हेतू तिथे साध्य' या नियमाचं ज्ञान) अडवतो आणि स्वरूपासिद्धी परामर्श (त्या नियमातला हेतू पक्षावर आहे हे ज्ञान) अडवते, म्हणजे अनुमिती (निष्कर्षाचं ज्ञान) होण्याआधीची पायरी तुटते. बाध आणि सत्प्रतिपक्ष थेट अनुमितीलाच अडवतात. व्याप्ती ठीक, हेतू पक्षावर ठीक, तरीही निष्कर्ष निघत नाही. 'अग्नी थंड आहे, द्रव्य असल्यामुळे, पाण्यासारखा' ऐकलं की हात भाजलेला माणूस व्याप्ती तपासत बसत नाही.

---

पूर्वपक्षी

नदीच्या उदाहरणात बाध आणि सत्प्रतिपक्ष वेगळे काढून दाखवा. पुस्तकात दोन्ही सारखेच वाटतात.

---

आर्द्रेंधन

घ्या. घाटावर पूर दिसतोय, तुम्ही 'वर पाऊस झाला' म्हणताय. पाणलोटातल्या प्रत्येक पर्जन्यमापकाची नोंद हाती आली, सगळीकडे शून्य. साध्याचा अभाव बलवान प्रमाणाने ठरला. हा बाध. अनुमान मेलं.

आता नोंद नाही. शेजारचा म्हणतो, 'वर पाऊस झालेला नाही, कारण आभाळ निरभ्र आहे, कालच्यासारखं.' त्याच्याकडेही हेतू, तुमच्याकडेही हेतू, दोन्ही तोडीस तोड. दोघांपैकी कुणाचीच अनुमिती होत नाही. हा सत्प्रतिपक्ष. फरक असा की तो उठवता येतो. 'पंढरपुरात आभाळ निरभ्र असताना भीमाशंकरला धो धो पाऊस असतो' एवढं दाखवलं की त्याचा हेतू व्यभिचारी ठरला आणि तुमचं अनुमान पुन्हा उभं राहिलं. बाध असा उठत नाही, त्यासाठी नोंदच खोटी ठरवावी लागते.

---

भीमाकाठ

मग 'पाणी वाढलं म्हणून पाऊस' यात गढूळपणा हा उपाधी धरायचा का? धुराच्या उदाहरणात ओलं सरपण असतं तसा?

---

आर्द्रेंधन

प्रश्न मोक्याचा आहे. आधी सरपण. 'डोंगरावर धूर आहे, कारण आग आहे.' उलटं अनुमान. हे फसतं, कारण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात आग असते, धूर नसतो. धूर कशामुळे येतो? ओल्या सरपणाचा संयोग झाला तर. तो उपाधी. कसोटी दोन भागांची: साध्याला व्यापलं पाहिजे, साधनाला व्यापता कामा नये. जिथे जिथे धूर तिथे तिथे ओलं सरपण: व्यापलं. जिथे जिथे आग तिथे ओलं सरपण: नाही, लोखंडाचा गोळा. दोन्ही जमलं, उपाधी सिद्ध.

आता गढूळपणा. दुसरा भाग जमतो: पाणी वाढलं तिथे गढूळपणा असतोच असं नाही, उजनीचं आवर्तन साक्षीला आहे. पहिला भाग? जिथे वर पाऊस झाला तिथे गढूळ पाणी असतंच का? ऑगस्टमध्ये धरणाच्या वर पाऊस झाला, धरण भरलं, विसर्ग सोडला. साध्य आहे आणि पाणी बऱ्यापैकी नितळ. साध्याला व्यापत नाही, म्हणून उपाधी नाही.

मग गढूळपणा कोण? हेतूचं विशेषण. उपाधी हा हेतू पाडायला लागतो, विशेषण हेतू वाचवायला. हेतूने साध्याला व्यापायची गरज नसते, साध्याने हेतूला व्यापलं की पुरे. पाऊस झाला आणि गढूळ पूर आला नाही, तर अनुमान चुकलं असं होत नाही, ते फक्त झालंच नाही. धूर दिसला नाही म्हणून आग नाही असं कुणी म्हणत नाही, तसं.

उपाधीची कसोटी नेहमी इतकी सरळ नसते. 'तो मुलगा सावळा आहे, कारण तो मित्रेचा मुलगा आहे' यात उपाधी म्हणून शाकपाकजत्व सांगतात, म्हणजे गर्भारपणी आईने पालेभाज्या खाल्ल्याचा परिणाम. (शरीरशास्त्र त्या काळचं आहे, सोडून द्या.) पण काळं मडकंही सावळंच, त्याच्या आईने कुठे भाजी खाल्ली? साध्य व्यापलं जात नाही. म्हणून तिथे 'मित्रेच्या मुलांमधलं सावळेपण' एवढ्याच साध्याला व्यापतो असं धरतात, साधनाने मर्यादित केलेलं साध्य. गढूळपणाला ही सवलत दिली तरी तो वाचत नाही: पाणी वाढलेल्या नद्यांपुरतं बोललं तरी ऑगस्टचा विसर्ग आडवा येतोच.

---

पूर्वपक्षी

आता माझा विपक्ष. ७ फेब्रुवारी २०२१, उत्तराखंड, चमोली जिल्हा. रोंती शिखराच्या उतारावरून खडक आणि बर्फाचा प्रचंड कडा कोसळला आणि ऋषिगंगा, धौलीगंगेला लोंढा आला. वेग होता, गाळ होता, झाडं-लाकडं होती. पावसाने आलेला पूर नव्हता तो. वात्स्यायनाने घासून-पुसून दिलेला हेतू विपक्षात सापडला की नाही?

---

नुसताचवाचक

पण वर बर्फ तर पडतोच ना तिथे. बर्फ पडणं हीसुद्धा वृष्टीच.

---

पूर्वपक्षी

प्रतिज्ञान्तर! :) साध्य 'पाऊस' होतं. त्याचा प्रतिषेध झाल्यावर तुम्ही त्यात बर्फ घुसवलात. प्रतिज्ञेत नवीन धर्म जोडणं हे निग्रहस्थान (चर्चेत हरल्याची खूण) आहे, २२पैकी दुसरं.

---

नुसताचवाचक

मग धरणं फुटतात त्याचं काय? त्याबद्दल आधी बोला. पानशेत १२ जुलै १९६१ला फुटलं तेव्हा मुठेला आलेला पूर पावसाचा होता का?

---

अवच्छेदिका

आणि ही मतानुज्ञेच्या वाटेवरची पायरी: स्वतःच्या बाजूवरचा दोष न काढता 'तुमच्याकडेही आहे' म्हणून दुसरीकडे बोट दाखवणं. मराठी संकेतस्थळांवर सगळ्यात लोकप्रिय निग्रहस्थान हेच असावं.

पानशेत मात्र या वादात उपयोगी नाही. जुलै महिना, धरण पावसाच्याच पाण्याने भरत होतं. वर पाऊस झालेला होता, म्हणजे साध्य हजर आहे. पूर धरण फुटल्यामुळे आला ही गोष्ट कार्यकारणाची. व्याप्ती मोडायला साध्य गैरहजर लागतं.

चमोलीचं उदाहरण खरं आहे आणि त्याने व्याप्ती मोडते. एक विपक्ष पुरतो. दीपिकेत, म्हणजे तर्कसंग्रहावरच्या स्वतःच्याच टीकेत, अन्नंभट्ट हेच सांगतो: जे जे पार्थिव ते ते लोखंडाने ओरखडतं, शंभर वेळा पाहिलं, आणि हिरा समोर आला. हिरा पार्थिव, पण लोखंडाने ओरखडत नाही. म्हणून नुसतं पुन्हा पुन्हा पाहणं, भूयोदर्शन, व्याप्ती देत नाही. व्यभिचार ठाऊक नसताना झालेलं साहचर्यज्ञान देतं. चमोली हा या नदीचा हिरा.

---

पूर्वपक्षी

म्हणजे हेतूला आणखी एक विशेषण जोडणार: 'हिमनदी नसलेल्या पात्रात'. आणि मी पुढचा विपक्ष आणणार. आणि याला खुद्द गौतमच निग्रहस्थान म्हणतो: 'अविशेषोक्ते हेतौ प्रतिषिद्धे विशेषमिच्छतो हेत्वन्तरम्'. विशेषण न लावता हेतू सांगितला, तो पाडला, मग विशेषण लावायला निघालात तर हरलात. मग वात्स्यायनाने नदीच्या हेतूला विशेषणं जोडली ती कोणत्या न्यायाने? पूर्वपक्ष्याने 'नदी भरली' हा हेतू पाडल्यावरच ती आली आहेत.

---

त्रसरेणू

धाग्याचं सार्थक झालं. हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही.

उत्तर दोन बाजूंनी आहे. पहिली कथेची. वाद, जल्प आणि वितंडा या तीन कथांपैकी (चर्चेच्या प्रकारांपैकी) निग्रहस्थानांचा पूर्ण साठा जल्प-वितंडेत चालतो, कारण तिथे जिंकायचं असतं. वादाच्या सूत्रात 'सिद्धान्ताविरुद्धः पञ्चावयवोपपन्नः' असे शब्द आहेत, आणि टीकाकार त्यांवरून वादात कोणती निग्रहस्थानं चालतील ते काढतात: 'सिद्धान्ताविरुद्ध' वरून अपसिद्धान्त (स्वतःचाच सिद्धान्त सोडणं), 'पञ्चावयवोपपन्न' वरून न्यून आणि अधिक (अवयव कमी पडणं किंवा जास्त होणं). आणि हेत्वाभास. हेत्वन्तर त्यांत नाही. गुरू-शिष्य, सहाध्यायी, तत्त्व ठरवायला बसलेले लोक हेतू सुधारत नेऊ शकतात. मध्यस्थ बसवून जयपत्र लिहायच्या सभेत नाही.

दुसरी बाजू वात्स्यायनाच्या त्या शेवटच्या वाक्याची. तो हेतूला आता विशेषण जोडतोय असं म्हणतच नाही. पारखी माणूस पहिल्यापासून विशिष्ट पूरच हेतू म्हणून पाहत होता, पूर्वपक्ष्याने विशेष न पाहता सामान्य उचललं आणि ते पाडलं, असं त्याचं म्हणणं. हे सोयीचं आहे हे कबूल, पण पोकळ नाही. मोराच्या आवाजाचा दाखला त्यासाठीच आहे. सापाला नक्कल ओळखू येते, तो आधी फसून मग विशेषण जोडत नाही.

---

पूर्वपक्षी

पहिली बाजू पटली. दुसरी नाही. तिने कुठलाही हरलेला हेतू वाचवता येईल: 'माझा हेतू मुळातच विशिष्ट होता, तुम्ही नीट पाहिलं नाहीत.'

---

अवच्छेदिका

म्हणून तर विशेषणाला दोन अटी आहेत. ते पक्षावर दिसलं पाहिजे, नाही तर स्वरूपासिद्ध. आणि ते कोणता तरी विपक्ष वगळत असलं पाहिजे, नाही तर व्यर्थ. 'ज्या पुराच्या वर पाऊस झालेला असतो असा पूर' हे विशेषण विपक्ष झकास वगळतं, पण साध्य ठरल्याशिवाय पक्षावर दिसत नाही. हेतू साध्याइतकाच साधायचा राहिला, गौतमाच्या यादीतला साध्यसम तो हाच. 'हिमनदी नसलेलं पात्र' मात्र दोन्ही अटी पार करतं: भीमेच्या उगमाला हिमनदी नाही हे पाऊस ठरवण्याआधीच माहीत आहे.

आता 'मी पुढचा विपक्ष आणणार' याबद्दल. आणा, पण प्रत्यक्ष आणा. 'कधी तरी, कुठे तरी असेल' ही नुसती शंका असेल तर तिला तर्काने, म्हणजे 'तसं असतं तर असं झालं असतं' या युक्तिवादाने, तोंड देतात. धूर आगीला सोडून राहत असता तर तो आगीपासून जन्मलाच नसता. उदयन न्यायकुसुमांजलीत म्हणतो, 'व्याघातावधिराशङ्का तर्कः शङ्कावधिर्मतः': शंकेला सीमा व्याघाताची (आत्मविरोधाची), आणि तर्क ही शंकेची सीमा. अद्वैती श्रीहर्षाने खंडनखंडखाद्यात हेच चरण मोडून त्याच्यावर उलटवलं: व्याघात आहे म्हणता, तर ज्याच्याशी व्याघात ती शंकाही आहेच, मग तर्क शंकेची सीमा कुठून? खंडन करावं तर असं, प्रतिस्पर्ध्याच्याच श्लोकात.

नव्यन्यायाच्या गंगेशाचं उत्तर त्यावर थंड डोक्याचं आहे. व्याघात शंकेशी नव्हे, शंका घेणाऱ्याच्या स्वतःच्या क्रियेशी. धूर हवा म्हणून तो आगच पेटवतो, पोट भरावं म्हणून जेवतो, दुसऱ्याला कळावं म्हणून बोलतो. एकीकडे हे बिनदिक्कत करायचं आणि दुसरीकडे 'आगीविना धूर असेल कदाचित' म्हणायचं, हे एका वेळी जमत नाही.

---

कुलालपिता

उशिरा आलो. एक भाबडा प्रश्न: पाच अवयव कशाला? ग्रीकांचं तीनांत भागतं. मीमांसकही तीन पुरे म्हणतात. निगमन म्हणजे प्रतिज्ञाच पुन्हा, उपनय म्हणजे हेतूच पुन्हा. पुनरुक्त हे निग्रहस्थान असताना शास्त्रानेच ते करावं?

---

आर्द्रेंधन

तीन काय, वात्स्यायन दहा अवयव मानणाऱ्यांचाही उल्लेख करतो: जिज्ञासा, संशय, शक्यप्राप्ती, प्रयोजन, संशयव्युदास हे आणखी पाच. ते तो काढून टाकतो, कारण ते माणसाच्या मनातले टप्पे आहेत, सिद्ध करणाऱ्या वाक्याचे भाग नव्हेत. म्हणजे छाटणी झालेलीच आहे.

उपनय ही हेतूची पुनरुक्ती नाही. हेतुवाक्य सांगतं 'पुरामुळे'. तेव्हा व्याप्ती अजून सांगितलेली नसते. उदाहरणाने व्याप्ती आली. उपनय सांगतो 'त्या व्याप्तीने युक्त असलेला पूर या नदीत आहे'. हाच परामर्श, व्याप्ती आणि पक्षधर्मता एका ज्ञानात. तो झाल्याशिवाय अनुमिती नाही. 'धूर असतो तिथे आग असते' हे माहीत आहे, 'डोंगरावर धूर आहे' हे दिसतंय, आणि तरी दोन्ही जोडली न गेल्याने माणूस नुसता बघत उभा, हे शक्य आहे.

निगमनाचं काम: प्रतिज्ञा ऐकताना ती नुसती म्हणणं असते. निगमन ऐकताना 'म्हणून' आलेलं असतं, आणि त्यात बाध नाही, प्रतिपक्ष नाही हे अभिप्रेत असतं.

तर्कसंग्रहात परामर्शच करण (अनुमितीचं मुख्य साधन), न्यायसिद्धान्तमुक्तावलीत व्याप्तिज्ञान करण आणि परामर्श त्याचा व्यापार (साधनाची मधली क्रिया). परीक्षेला बसणाऱ्यांनी कोणत्या ग्रंथाचं उत्तर लिहितोय ते आधी ठरवावं, गुण तिथेच जातात.

---

भीमाकाठ

एक राहिलं. पाणलोटाच्या एका कोपऱ्यात पाऊस झाला, बाकी कोरडं. मग 'वर पाऊस आहे' खरं की 'वर पाऊस नाही' खरं? दोन्ही खरं धरलं तर व्याप्तीचं लक्षण टिकेल का?

---

अवच्छेदिका

हे झाडावरचं माकड. 'हे झाड कपिसंयोगी (माकडाशी संयोग असलेलं) आहे, हे झाड असल्यामुळे.' फांदीवर माकड बसलंय, बुंध्याशी नाही. एकाच झाडावर संयोगही आहे आणि संयोगाचा अभावही. व्याप्तीचं साधं लक्षण असं: हेतू जिथे राहतो तिथे ज्याचा अभाव नाही, अशा साध्यासोबत हेतूने राहणं. इथे हेतू राहतो त्या झाडावरच साध्याचा अभाव मिळतोय, बुंध्यापाशी. बरोबर असलेलं अनुमान लक्षणात बसेना. ही अव्याप्ती.

गंगेशाच्या सिद्धान्तलक्षणात यावर इलाज आहे: अभाव असा धरायचा की जो आपल्या प्रतियोग्यासोबत, म्हणजे ज्याचा तो अभाव त्याच्यासोबत, एकाच जागी राहत नाही. कपिसंयोगाचा अभाव त्याच झाडावर कपिसंयोगासोबत राहतो, म्हणून तो मोजायचाच नाही. लक्षण पुन्हा बसलं.

तुमचा पाऊसही असाच अव्याप्यवृत्ती, जागेचा एक भाग धरून राहणारा. पाणलोटाच्या कोरड्या कोपऱ्यातला अभाव पावसासोबतच त्या पाणलोटात आहे, म्हणून तो व्याप्ती मोडत नाही. मात्र मे महिन्यातल्या पाणलोटात अभाव आहे आणि पाऊस कुठेच नाही. तो अभाव मोजायचा. म्हणून आवर्तनाची भीमा विपक्ष ठरते आणि एका कोपऱ्यात पाऊस झालेली भीमा ठरत नाही.

---

नुसताचवाचक

हे सगळं वाचायला सुरुवात कुठून करायची? आणि माझ्यावरची दोन निग्रहस्थानं मागे घ्या.

---

त्रसरेणू

धागा वाद म्हणून धरू, म्हणजे ती दोन्ही लागू होत नाहीत.

सुरुवात तर्कसंग्रह मूळ, सोबत त्यावरची पदकृत्य ही टीका. नाव सांगतं तेच काम ती टीका करते: लक्षणातला एकेक शब्द काढून काय बिघडतं ते दाखवते. रूपाचं लक्षण 'फक्त डोळ्यांनी कळणारा गुण'. 'फक्त' काढलं तर संख्या आत येते, ती स्पर्शानेही कळते. 'गुण' काढलं तर रूपत्व ही जाती आत येते. ही सवय लागली की मग दीपिका आणि न्यायबोधिनी. मग मुक्तावली, अडेल तिथे दिनकरी. व्याप्तिपंचक त्यानंतर, आधी उघडलंत तर पहिल्याच लक्षणात अडकाल. पारिभाषिक शब्द अडला की भीमाचार्य झळकीकरांचा न्यायकोश. वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी सुधारलेली आवृत्ती भांडारकर संस्थेने १९२८ साली पुण्यात काढली, ती घ्या. अर्थ संस्कृतातच आहेत, पण कोणत्या ग्रंथात कोणता अर्थ ते तिथे लगेच सापडतं.

---

पूर्वपक्षी

पदकृत्य हाताशी असेल तर पुढच्या आठवड्यात मुंग्यांचा हेतू घेऊ. 'बहुतेक सगळ्या मुंग्या' यातलं 'बहुतेक' काढून दाखवा, कोणता विपक्ष शिरतो ते मी आणतो.

---

आर्द्रेंधन

वारूळ अर्धंच मोडलं तर? तिथून सुरू करा.